खोडलेलं वाचता आलं पाहिजे

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी मला एका आकड्यासाठी रडवलं.

डब्लिनजवळ सँडीफोर्डच्या बिझनेस पार्कात आमची लहानशी कंपनी होती. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या तिथे तयार व्हायच्या. त्या ज्या खोलीत ठेवत, तिथलं तापमान दर दोन तासांनी बघून कागदावर लिहायचं, हे क्वालिटी डिपार्टमेंटमधल्या सगळ्यात नव्या माणसाचं काम. म्हणजे माझं. सर त्या डिपार्टमेंटचे प्रमुख. एके दिवशी अकराची नोंद राहून गेली. एक वाजता ते लक्षात आलं, तेव्हा मी नऊचाच आकडा खाली उतरवला आणि मोकळी झाले. महिनोन् महिने तिथे तोच आकडा होता. अकरालाच काय वेगळं होणार होतं?

"अकरा वाजता तू कुठे होतीस?" सरांनी विचारलं.

"इथेच, सर."

"अकरा वाजता तू माझ्यासमोर मीटिंगमध्ये बसली होतीस. जांभया देत."

"पण रोज तेवढंच असतं, सर."

"रोज किती असतं ते मी विचारलं नाही. तू पाहिलंस का, एवढंच विचारलं."

मग त्यांनी खिशातलं निळं पेन काढून माझ्या हातात दिलं. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची. बाजूला सही, तारीख, आणि कारण. कारणाच्या जागी त्यांनी मला ‘पाहिलं नाही’ असं लिहायला लावलं. मी रागानं दोन रेघा मारल्या, तर म्हणाले, "एकच. खोडलेलं वाचता आलं पाहिजे." एवढं बोलून ते निघूनही गेले. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. आईबाबांनी एवढा खर्च करून मला आयर्लंडला पाठवलं ते या म्हाताऱ्याकडून रेघा मारायला शिकायला का, असं मला अगदी मनापासून वाटलं.

नोरा नावाची सुपरवायझर होती, तिनं मला चहा आणून दिला. "युअर मॅनचं काही मनावर घेऊ नकोस," ती म्हणाली. इथे समोर नसलेल्या कुठल्याही गृहस्थाला ‘युअर मॅन’ म्हणतात, तो तुमचा कुणी लागत नसला तरी. "तो ग्रँड आहे गं. फक्त न बघता लिहिलेलं त्याला सोसत नाही. मला तर त्यानं वाढदिवसाची तारीखसुद्धा पुरावा मागून विचारली होती."

ग्रँड, म्हणजे भले, वगैरे काही नाही, चक्रम आहेत, असं माझं मत झालं. ते मत मी पुढे बदललं, पण खोडलं नाही. चक्रम तर ते होतेच.

सर पुण्याचे. वय साठीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, डून लेरीला समुद्राजवळच्या एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर एकटे राहायचे. दर रविवारी आमच्यासारख्या चार-पाच मराठी पोरापोरींना पिठलं-भात जेवायला बोलवायचे. त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे प्लँटचीच शाखा. दुधाच्या डब्यावर उघडल्याची तारीख आणि सही. लोणच्याच्या बरणीवर तारीख आणि सही. एकदा मी मीठ मागितलं तर म्हणाले, "वरच्या प्रेसमध्ये डावीकडे," आणि त्या कपाटाच्या दारावर आत काय काय आहे याची यादी चिकटवलेली होती. यादीतल्या ‘मेतकूट’वर एक आडवी रेघ होती. कारण: संपले.

कंपनीत एक गृहस्थ रिटायर होत होते. सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड फिरत होतं. सरांनी तंद्रीत त्यावर लग्नाच्या शुभेच्छा लिहिल्या. दुसरा कुणी असता तर नवीन कार्ड आणलं असतं. सरांनी ‘लग्न’ या शब्दावर एक रेघ मारली, बाजूला सही केली, तारीख घातली आणि कारण लिहिलं: चुकीचा प्रसंग. त्या आयरिश माणसानं ते कार्ड फ्रेम करून घरी लावलं, असं नोरा शपथेवर सांगते.

पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. पॅकिंगमधल्या एकानं एकदा कागदावरची नोंद पेन फिरवून फिरवून पार काळी करून टाकली होती. आता सर याला सोडत नाहीत, म्हणून आम्ही सगळे कान टवकारून बसलो. सरांनी कागद खिडकीच्या काचेला लावून उजेडात पाहिला.

"इथे काय होतं?"

"चूक होती, सर."

"चूकच विचारतोय. काय होतं?"

त्याला आठवेना. सर त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. तो कागद समोर घेऊन ते बराच वेळ बसून राहिले आणि मग डोकं दुखतंय म्हणून घरी गेले. माझ्या एका आकड्यावरून एवढं रामायण करणारा माणूस या गाढवाला कसा काही बोलला नाही, याचा मला रागच आला.

सरांच्या टेबलावर एक हिरवी फाइल असायची. आमच्याकडे प्लँटमध्ये काही बिघडलं, की त्याची फाइल उघडते. कारण सापडेपर्यंत ती बंद करता येत नाही. या फाइलवरही तसाच नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, ‘स्थिती: उघडी’. फक्त तिचा नळ्यांशी काही संबंध नव्हता. शंभर वर्षांपूर्वी एव्हरेस्टच्या माथ्याजवळ दोन गिर्यारोहक ढगात दिसेनासे झाले. ते वर पोचले होते की नाही, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. ती फाइल त्या दोघांची होती.

शुक्रवारी कँटीनमध्ये हा विषय निघायचाच. मिठाची आणि मिऱ्याची बाटली म्हणजे ते दोघे, उभा धरलेला पेपर नॅपकिन म्हणजे डोंगराची धार. प्रत्येक नव्या माणसाला सर विचारायचे, "पोचले असतील का?" जो ‘हो’ म्हणेल तो नापास, जो ‘नाही’ म्हणेल तोही नापास. आयरिश पोरं तर मुद्दाम भांडण लावायची. त्यांच्या लेखी हा फुकटचा क्रॅक होता, नुसती धमाल. एक म्हणायचा, थोरल्याचा देह बऱ्याच वर्षांनी सापडला तेव्हा बायकोचा फोटो खिशात नव्हता, तो तर तो शिखरावर ठेवणार होता, म्हणजे पोचलाच! दुसरा म्हणायचा, त्या काळचे ते लोकरीचे कोट, ते दोर, छट्! तिसरा म्हणायचा, धाकट्याकडे कॅमेरा होता, तो सापडला की लागेल निकाल.

सर सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मग चमचा उचलून टेबलाच्या पार कडेला ठेवायचे. "हा कोण?" विचारायचे.

तो तिसरा. त्या दोघांच्या मागून, बराच खालून एकटा येणारा त्यांचा सोबती. ढग काही मिनिटं फाटले, त्यानं मान वर केली आणि धारेवर दोन ठिपके सरकताना पाहिले. मग ढग मिटले. त्यांना जिवंत पाहणारा तो शेवटचा माणूस.

"सगळं जग वर बघतं," सर म्हणायचे. "या खालच्याकडे कुणी बघत नाही. त्याला लोकांनी जन्मभर विचारलं. नक्की कुठल्या खडकावर दिसले? पहिल्या की दुसऱ्या? नीट आठव. त्यानं आधी एक सांगितलं, मग दुसरं सांगितलं. विचारून विचारून लोकांनी त्याच्या डोळ्यांवरचा त्याचाच विश्वास उडवला. बिचारा."

तो ‘बिचारा’ ते असा म्हणायचे, की पोरंसुद्धा गप्प व्हायची. मला वाटायचं, काय हा कळवळा! शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबासाठी आहे, आणि माझ्यासाठी नाही.

रविवारी जेवण झालं की सर दुर्बीण गळ्यात अडकवून डून लेरीच्या धक्क्यावर फिरायला जायचे. धक्का लांबच लांब समुद्रात गेलेला, टोकाला दीपगृह. एकदा बाकीचे सगळे आइस्क्रीमच्या रांगेत राहिले आणि मी एकटीच त्यांच्याबरोबर टोकापर्यंत गेले. बाहेर एक छोटी शिडाची होडी होती, आत दोन माणसं. सरांनी वहीत वेळ आणि नोंद लिहिली. तेवढ्यात धुकं आलं आणि होडी दिसेनाशी झाली.

"चला सर, पाऊस येतोय," मी म्हणाले.

"तू जा."

"ते येतील हो. रोज येतात."

"रोजचं मी विचारलं नाही."

मी चिडून तिथेच उभी राहिले. तास झाला, दीड तास झाला. पाऊस आला. माझे बूट भिजले, दात वाजायला लागले, आणि हा माणूस दगडी कठड्याला टेकून त्या पांढऱ्या धुक्याकडे बघतोय. शेवटी होडी बाहेर आली. सरांनी दुर्बीण लावली, दोन डोकी मोजली, वहीत लिहिलं आणि मग मला म्हणाले, "चल, तुला आलं घालून चहा करतो."  

त्या चहाच्या वेळीच फोन आला. सरांचा आवाज एकदम लहान झाला. "हो आक्का... नाही आक्का, या महिन्यात ऑडिट आहे... पुढच्या वेळी नक्की." फोन ठेवल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं, की आक्का म्हणजे त्यांच्या एका जुन्या मित्राची थोरली बहीण. मित्र आता नाही. आक्कांचा मुलगा लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आयर्लंडचा रस्ता त्याला सरांनीच दाखवला, परीक्षेच्या वेळी महिनाभर घरी ठेवून घेतला. आक्का दर वर्षी दोन-तीन महिने त्याच्याकडे येतात आणि सरांना जेवायला बोलावतात.

"मग जात का नाही?"

"लांब आहे. गाडी लागते. मला गाडी येत नाही."

एवढ्या वर्षांत त्यांनी बस नावाची गोष्ट कधी ऐकली नव्हती, असं दिसलं.

मग एका ऑक्टोबरात बातमी आली. त्या दोघांमधल्या धाकट्याचा बूट हिमनदीत सापडला. आत पाऊल, आणि मोज्यावर शिवलेलं नाव. कँटीनमध्ये सगळे सरांचं अभिनंदन करायला धावले, जणू त्यांच्याच घरचं माणूस सापडलं होतं. "युअर मॅन सापडला! आता कॅमेरा सापडेल, फाइल बंद!"  मिठाच्या आणि मिऱ्याच्या बाटल्या सरांनी जागच्या जागी ठेवल्या आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. नोरा म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी पाचला मला सरांचा फोन. "तुझी गाडी शनिवारी मोकळी आहे का? लेटरकेनीला जायचंय. आक्का दिवाळीपर्यंत आहेत."

डब्लिनहून लेटरकेनीचा जवळचा रस्ता नॉर्दर्न आयर्लंडमधून जातो. म्हणजे परक्या देशातून, आणि माझ्याकडे तिकडचा व्हिसा नव्हता. खरं सांगायचं तर आमच्यातले निम्मे लोक बिनधास्त त्याच रस्त्यानं जातात. बॉर्डरवर साधं फाटकसुद्धा नाही. मी तसं म्हणूनही पाहिलं.

"कुणी विचारत नाही म्हणून चालतं असं नाही," सर म्हणाले. "स्लायगोवरून जाऊ."

म्हणजे तासभर जास्त. सरांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, ती त्यांनी मागच्या सीटवर ठेवू दिली नाही. लाँगफर्ड गेल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली, समोरच्या काचेकडे बघत.

"माझेही दोघं होते."

सर एकवीस वर्षांचे असताना त्यांच्या क्लबची हिमालयात मोहीम गेली होती. शेवटच्या कँपवरून तिघं माथ्याला जाणार होते. आदल्या दिवशी सरांचं पोट बिघडलं, म्हणून ते दुर्बीण आणि मोहिमेची डायरी घेऊन तंबूशी थांबले. अक्षर चांगलं, म्हणून डायरी त्यांच्याकडे. वर गेले ते दोघे परत आले नाहीत. चार दिवस शोधलं, काही मिळालं नाही. त्यातला एक आक्कांचा धाकटा भाऊ. आई लवकर गेलेली, आक्कांनीच त्याला वाढवलेला. त्यांनी विणलेल्या लाल टोपीवरून तो लांबूनही ओळखू यायचा.

"खाली आल्यावर लीडरनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘तो लाल टोपीवाला पोचला होता ना रे?’ ते असं विचारलं, की... सगळे माझ्याकडे बघत होते. मी ‘हो’ म्हटलं. रात्र व्हायच्या आत डायरीतली नोंद बदलली. अकरा वाजता खरं लिहिलेलं होतं, त्यावर शाई फिरवली. पार काळं केलं. खाली लिहिलं, ‘लाल टोपीवाला शिखरावर.’ गावात शाळेच्या दारात त्याचा दगड आहे. ‘शिखर सर केले’ असं कोरलंय. आक्का दर वर्षी त्याला हार घालतात."

मी गाडी पेट्रोल पंपावर घेतली आणि थांबवली. मला खरोखरच संताप आला होता.

"तुम्ही मला एका आकड्यासाठी रडवलंत, सर!"

"म्हणूनच," ते म्हणाले.

 मी दोन कॉफ्या आणल्या. त्या हातात धरून आम्ही तसेच बसलो.

"त्या धाकट्याच्या घरच्यांना शंभर वर्षांनी एक मोजा मिळाला," थोड्या वेळानं सर म्हणाले. "आक्कांचं जे आहे, ते चाळीस वर्षं मी दाबून बसलोय. आता त्यांना सांगितलं तर त्यांचं शिखर जाईल. मला दारात उभं करणार नाहीत, ते ठीकच. पण त्या त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्याजवळ दुसरं काय आहे त्याचं?"

"मग नका सांगू," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं. "आता कुणाचं काय बिघडतंय?"

"मी पाहिलं नव्हतं गं."

"शाईखाली काय होतं, सर?"

"ते आधी आक्कांना."

स्लायगोच्या पुढे बेन बुल्बेन डोंगराचा सपाट माथा उजवीकडे ढगांतून मधेच दिसला. एरवी सरांनी गाडी थांबवायला लावून दुर्बीण काढली असती. त्यांनी मान वळवली नाही.

आक्कांचा मुलगा ड्यूटीवर होता. आक्का एकट्याच, नऊवारीवर फ्लीसचं जॅकेट आणि पायात जाड मोजे. दार उघडून त्या सरांकडे बघत राहिल्या.

"आलास व्हय रं? म्हटलं, आता माझ्या मयतालाच येतोस का काय. आन् ही पोरगी कोन? ये गं बाई, बस. भाकरी टाकते."

"आक्का, आधी मला बोलू द्या."

"आदी च्या घे."

चहा झाला. सरांनी पिशवीतून डायरी काढली आणि टेबलावर ठेवली. पिवळी पडलेली पानं, बांधणी सुटलेली.

"आक्का, तो वर पोचला असं मी तुम्हाला सांगितलं. मी ते पाहिलं नव्हतं."

आक्कांनी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या. "फुडं?"

"पोचला नाही, असंही नाही. ढग आले. नंतर काय झालं मला माहीत नाही, कुणालाच नाही. पण मी पाहिलं नव्हतं आणि पाहिलं असं लिहिलं. खोटं लिहिलं."

त्यांनी ते पान उघडलं. खिशातून निळं पेन काढलं. ‘लाल टोपीवाला शिखरावर’ या ओळीवर एक आडवी रेघ मारली. सही केली, आजची तारीख घातली. कारण: पाहिले नव्हते.  

आक्कांनी डायरी ओढून घेतली. एकेक अक्षर लावत त्यांनी खोडलेली ओळ वाचली, मग बाजूचं कारण वाचलं. मग वरच्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"आन् ह्ये काय हाय?"

"आधी लिहिलेलं. खरं ते."

"काय हुतं?"

"अकरा वाजता दोघं धारेवर दिसले. एक खाली बसलेला होता. दमला असेल, नाहीतर पाय दुखावला असेल. तो उठला नाही. तुमचा भाऊ त्याच्या बराच वर, माथ्याच्या अगदी खाली. तो थांबला. मागे वळून पाहिलं त्यानं. मग वळला आणि खालच्याकडे उतरायला लागला. बारा पावलं मी मोजली. मग ढग आले." सरांनी पेन खाली ठेवलं. "माघारी वळला असं लिहिलं तर लोक म्हणतील घाबरला, म्हणून मी खोडलं. एकवीस वर्षांचा होतो, आक्का. मला वाटलं, शिखर तरी द्यावं त्याला."

आक्का बराच वेळ त्या काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिल्या.

"त्या दुसऱ्या पोराची आई," त्या म्हणाल्या, "दर वर्षी दगडापाशी यायची. हार घालून झाला की मला इचारायची, ‘तुजा भाऊ माज्या पोराला मागं सोडून वर ग्येला का गं?’ दर वर्षी. मला उत्तर न्हवतं रं. मला बी वाटायचं, सोडलाच आसंल, येडा हुता डोंगरासाठी. म्या वाढीवला, आन् आसा कसा झाला, म्हनून त्या दगडाकडं बगून कितींदा शिव्या घातल्या त्येला." त्यांनी मान वर केली. "ती ग्येली, धा वरसं झाली. मनात किंतू घिऊन ग्येली. आन् उत्तर तुज्यापाशी हुतं."

सर रडायला लागले. आवाज न करता, दोन्ही हात टेबलावर ठेवून. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की आक्कांचं शिखर आपण सांभाळून ठेवलंय. मलाही गाडीत तसंच वाटलं होतं. आक्कांना शिखर नकोच होतं, हे आम्हां दोघांनाही सुचलं नव्हतं.

"रडू नगंस. ल्ही," आक्का म्हणाल्या.

"काय?"

"जे आता बोललास त्ये. काळ्याच्या खाली ल्ही."

सरांनी डोळे पुसून लिहिलं. सुरुवातीला, नियमाप्रमाणे, ‘आज लिहिले, आठवणीवरून’. मग धार, बसलेला माणूस, लाल टोपी, बारा पावलं, ढग. खाली सही. आमच्याकडे अशा नोंदीला दुसऱ्याची सही लागते, म्हणून मी सवयीनं हात पुढे केला.

"तू पाहिलं नाहीस," सर म्हणाले.

"म्या करते," आक्कांनी पेन घेतलं. "म्या बी बगितलं न्हाई. पर ऐकलं की." आणि त्यांनी मोठ्या, सुट्या अक्षरांत नाव लिहिलं. सरांनी त्याच्या बाजूला लिहिलं: ऐकले.

मग आक्कांनी भाकऱ्या टाकल्या. सरांना तीन वाढल्या, आणि ती तिसरी संपेपर्यंत समोरून उठल्या नाहीत. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. निघताना फक्त म्हणाल्या, "जूनला गावाकडं ये. दगडाचं बगाया पायजे."

सर त्या हिवाळ्यात रिटायर झाले आणि पुण्याला परत गेले. हिरवी फाइल त्यांनी मला दिली. तिच्यात बुटाच्या बातमीचं कात्रण घातलंय, पण स्थिती अजून ‘उघडी’च आहे, आणि मी ती बदललेली नाही. शुक्रवारी कँटीनमध्ये पोरं मलाच विचारतात, पोचले असतील का. मी चमचा उचलून टेबलाच्या कडेला ठेवते. आता क्वालिटीत नवीन येणाऱ्यांना रडवायचं कामही माझ्याकडेच आहे.

जूनमध्ये सरांचा फोटो आला. शाळेच्या दारातला काळा दगड, बाजूला आक्का, हातात हार. खाली सरांचा मेसेज होता. पाथरवट आधीची अक्षरं घासून दगड नवा करून देतो म्हणत होता. आक्कांनी करू दिलं नाही. म्हणाल्या, आधीचं ऱ्हाऊ दे, लोकांस्नी कळू दे काय लिवलं हुतं.

‘शिखर सर केले’ यावर छिन्नीनं मारलेली एक आडवी रेघ होती. खाली नवी ओळ: ‘मागे राहिलेल्या सोबत्याकडे माघारी येताना पाहिला.’

मेसेजच्या शेवटी सरांनी विचारलं होतं, "रेघ एकच आहे ना? खोडलेलं वाचता येतंय ना? माझा चष्मा गावात फुटला."

मी फोटो मोठा करून नीट पाहिला. मगच लिहिलं: येतंय, सर. सगळं वाचता येतंय.